सुभेदार रामजी मालोजी सकपाळ : मिसरूड फुटण्याआधी पलटणीत गेलेला मुलगा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, परळची चाळ, कोलंबिया, लंडन, चवदार तळे, नागपूर. परंतु ज्या बापाने हे रोपटे लावले, पाणी घातले आणि फळ बघायच्या आधीच डोळे मिटले, त्या सुभेदार रामजी सकपाळांचे स्मरण आपण १४ एप्रिलच्या भाषणात एका वाक्यात उरकून टाकतो. बाबासाहेबांचे वडील लष्करात सुभेदार होते, एवढे म्हटले की झाले. सुभेदार म्हणजे काय, तिथवर तो माणूस कसा पोचला, कोणत्या वयात घर सोडून गेला, याचा विचार फारसा कुणी करीत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची जीवनकहाणी थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या कुळगाव-बदलापूरच्या माणसांना तर ही कहाणी परकी नाहीच. बारवी धरणाच्या रस्त्याने पुढे गेले की मुरबाड लागते. माता भीमाई या त्याच मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातल्या. मुरबाड तालुक्यातले आंबेटेंभे हे गाव त्यांचे माहेरगाव म्हणून ओळखले जाते. म्हणजे नात्याने बघितले तर रामजीबाबा हे आपल्या मुलखाचे जावई. जावयाची आठवण सासुरवाडीने ठेवायची नाही तर कुणी ठेवायची?

आंबडव्याचे घर

रामजींचा जन्म १४ नोव्हेंबर १८४८ चा. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. कोकणातले डोंगराळ, आडबाजूचे गाव. वडील मालोजी सकपाळ. गावात या घराण्याला ग्रामदेवतेच्या पालखीचा मान होता. पण मान पालखीचा असला तरी माणूस महारवाड्यातलाच. वतनाची कामे त्याच्या पाठीशी लागलेलीच होती. दवंडी पिटायची, सरकारी खजिना पोचवायचा, मेलेली गुरं ओढायची, रात्री-अपरात्री पाटलाचा निरोप घेऊन दुसऱ्या गावी धावायचं आणि त्याच्या बदल्यात भाकरीसाठी दारोदार हात पसरायचा. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्यातून बाहेर पडायला कोकणातल्या आपल्या माणसाला त्या काळी एकच मोठा दरवाजा होता. तो म्हणजे पलटणीचा.

मालोजी स्वतः त्या दरवाजातून गेलेले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या फौजेत शिपाईगिरी करून निवृत्त झाले. या फौजेत महारांची भरती पूर्वीपासून होती. १ जानेवारी १८१८ ची कोरेगाव भीमाची लढाई आपल्याला माहीत आहे. तिथल्या विजयस्तंभावर जी नावे कोरली आहेत, त्यात शेवटी नाक असलेली नावे आपल्याच पूर्वजांची. तेव्हा मालोजींच्या घरात बंदूक, परेड, पगार आणि पेन्शन हे शब्द नवे नव्हते. पोरगं हातापायाने धड झालं की बापाच्या वाटेनं जायचं, ही घराची रीतच पडून गेलेली.

अठराच्या आगेमागे

१८६६ च्या सुमारास रामजी फौजेत दाखल झाले. म्हणजे वय सतरा-अठरा. आज आपण ज्याला अकरावी-बारावीचा पोरगा म्हणतो, तेवढे. अठरा वर्षे पुरी झाली की माणूस सज्ञान, असे ठरविणारा कायदासुद्धा आपल्या देशात १८७५ साली आला, म्हणजे रामजी शिपाई झाल्यानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी. जन्माचा दाखला हा प्रकारच तेव्हा खेड्यापाड्यात नव्हता. उंची बघायची, छाती बघायची, डॉक्टरनं अंगावरून नजर फिरवायची आणि अंगठा घ्यायचा. घरात खाणारी तोंडं जास्त आणि मिळवणारा हात एक, अशी अवस्था असली की पोराचं वय कोण मोजत बसतो?

हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये भरतीचे वय अठरा आणि परदेशी आघाडीवर पाठवायचे वय एकोणीस असा नियम होता. तरीसुद्धा वय वाढवून सांगून हजारो पोरं भरती झाली आणि त्यातली कितीतरी फ्रान्सच्या मातीत गाडली गेली. तिकडच्या पोरांना पुष्कळदा देशाभिमानाची झिंग होती. आपल्या पोरांना मात्र पोटाची आग होती आणि गावकीतून सुटायची ओढ होती. एवढाच काय तो फरक.

आता पलटणीत काय मिळत होते ते बघू. देशी शिपायाचा पगार महिना सात रुपये. हा आकडा त्या शतकात वर्षानुवर्षे हललाच नाही. १८९५ साली तो नऊ रुपये झाला. या सातातच शिपायाने आपले पोट भरायचे, कपडालत्ता बघायचा आणि गावी काही पाठवायचे. म्हणजे श्रीमंती नव्हती. पण दर महिन्याला हातात येणारा रोख पैसा होता, अंगावर पुरा कपडा होता, पायात बूट होते आणि कुणी जोहार घालायला लावीत नव्हता. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशी पायरी होती आणि ती चढायची मुभा महाराच्या पोरालाही होती. आपल्या हाताखालच्या दुसऱ्या जातीच्या शिपायाने आपल्याला सलाम ठोकायचा, ही गोष्ट गावात स्वप्नातसुद्धा येणारी नव्हती. छावणीत ती रोज घडत होती.

मुरबाडकरांची सोयरीक

रामजी ज्यांच्या हाताखाली आले, त्यांत धर्मा मुरबाडकर हे सुभेदार-मेजर होते. चरित्रकार सांगतात, की भीमाईंचे वडील आणि त्यांचे सहा चुलते असे सगळे फौजेत सुभेदार-मेजरच्या हुद्द्याला पोचलेले होते. आपल्या मुरबाडच्या मातीने एका घरातून इतके लष्करी अंमलदार दिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. अशा तालेवार घराण्याची लेक भीमाबाई. आणि रामजी म्हणजे सात रुपयांचा कोरा शिपाई. तरीही पोरगा निर्व्यसनी, हुशार आणि चालीरीतीने चांगला, हे मुरबाडकरांनी हेरले आणि लग्न झाले.

पण बंधू-भगिनींनो, या लग्नानंतरचे दिवस सुखाचे नव्हते. माहेर मोठे आणि सासर गरीब. माहेरच्या लोकांनी म्हणावा तसा ओलावा ठेवला नाही, असे चरित्रांत नोंदवलेले आहे. नवऱ्याच्या पाठवणीत भागेना म्हणून भीमाईंनी सांताक्रूझला राहून रस्त्यावर खडी टाकण्याचे काम केले. सुभेदार-मेजराची लेक डोक्यावर खडीची पाटी घेऊन उन्हात राबली, पण माहेरच्या उंबऱ्यावर मदतीसाठी गेली नाही. बाबासाहेबांच्या ठायी जो करारी बाणा होता, तो नुसता बापाकडून आलेला नाही. त्यातला अर्धा मुरबाडचा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

बंदुकीच्या जोडीला पाटी

इथून पुढे रामजींच्या आयुष्याला जे वळण लागले, ते या लेखाचे खरे सार आहे.

कंपनीच्या फौजेची एक चांगली रीत होती. छावणीत शाळा असे. शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना, मुलींनासुद्धा, शिकणे सक्तीचे होते. दिवसा पोरांची शाळा आणि रात्री मोठ्यांची. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता, त्याच्या पोराच्या हातात छावणीत पाटी-पेन्सिल दिली जात होती. बाबासाहेबांनी पुढे या सक्तीच्या लष्करी शिक्षणाचे महत्त्व आपल्या लिखाणात नमूद करून ठेवले आहे.

पलटणीत शेकडो पोरं येत होती. बहुतेकांनी बंदूक घेतली, पगार घेतला, पेन्शन घेतली आणि घरी गेली. त्यात गैर काही नव्हते. रामजींनी मात्र बंदुकीपेक्षा पाटी घट्ट धरली. रिकामा वेळ त्यांनी वाया घालवला नाही. पुण्याला लष्करी शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल होती, तिला लोक पंतोजी शाळा म्हणत. तिथे ते शिकले आणि शिक्षक झाले. पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी चौदा वर्षे काम केले आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. चौदा वर्षांत किती शिपाई आणि किती शिपायांची पोरं त्यांच्या हाताखालून शिकून गेली असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

ते मराठीत पक्के होते, इंग्रजी उत्तम येत होते आणि गणिताची आवड होती. क्रिकेट, फुटबॉलसारखे खेळही ते आवडीने खेळत. घरातल्या बायकांनाही वाचता येत होते. ही त्या काळच्या मानाने केवढी मोठी गोष्ट! ते कबीरपंथी झाले. दारूला शिवत नव्हते, मांसाहार सोडलेला होता. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांना मोठा आदर आणि स्नेह होता. म्हणजे बुद्ध, कबीर आणि फुले हे जे तीन गुरू बाबासाहेबांनी मानले, त्यांतल्या दोघांची ओळख त्यांना बापाच्या घरातच झाली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. रामजी-भीमाईंचे हे चौदावे अपत्य. त्यातली पुष्कळ लेकरं लहानपणीच दगावली. बळीराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली जगल्या.

दरवाजा बंद झाला

भीमराव रांगत होते त्याच सुमारास एक मोठा घाव बसला. इंग्रज सरकारने फौजेची नवी रचना केली. अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती लढवय्या नाहीत, असे एक खूळ लष्करातल्या बड्या साहेबांच्या डोक्यात शिरले होते. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना या विचाराने जोर धरला. पलटणी जातवार बांधायचे ठरले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी या फौजेसाठी रक्त सांडले, त्यांच्या पोरांना सांगण्यात आले की तुम्ही शिपाई व्हायच्या लायकीचे नाहीत. आणि भरती बंद म्हणजे नुसती नोकरी गेली नाही. छावणीतली शाळा गेली, पेन्शन गेली, बूट-पोशाख गेला, सुभेदार व्हायची पायरी गेली. परत गाव आणि परत गावकी.

रामजी १८९३-९४ च्या दरम्यान निवृत्त झाले. त्यांचे स्वतःचे काही अडले नव्हते. त्यांची पेन्शन चालू होती, महिना पन्नास रुपये. गप्प बसले असते तर कुणी बोट दाखविले नसते. परंतु त्यांना राहवले नाही. ज्या दाराने आपण आत आलो ते मागच्या पोरांसाठी बंद झाले, हे त्यांना सहन होईना. त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची भेट घेऊन या हुकुमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करण्यासाठी त्यांची मदत मागितली. त्याच काळात निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर हेही दापोलीकडून अर्ज-विनंत्या करीत होते. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही हा प्रश्न लावून धरला. सरकारने दाद दिली नाही. पण पेन्शनर शिपायांनी लेखणी उचलून सरकारला जाब विचारायला सुरुवात केली, ही आपल्या चळवळीची पहिली पावले होत. लिहायला-वाचायला पलटणीत शिकलेली माणसे होती म्हणूनच हे अर्ज निघाले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

पोशाख उतरला की

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आले. कॅम्प दापोली म्हणजे पेन्शनर शिपायांची वस्ती. तिथेच भीमरावांची शाळा सुरू झाली. पुढे मुंबई आणि मग सातारा. साताऱ्यात रामजींना सार्वजनिक बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली. साताऱ्यातच १८९६ साली भीमाईंचे निधन झाले. मुरबाडची ही लेक आपल्या मुलाचे मोठेपण बघायला राहिली नाही. पोरं आत्या मीराबाईंच्या अंगावर वाढली.

छावणीत सुभेदार म्हणजे मोठा माणूस. छावणीच्या बाहेर मात्र सुभेदाराचा पोरगा कोण होता? ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण त्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच प्यायचे.

१९०१ साली रामजी दुष्काळी कामावर खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. सुट्टीत पोरं त्यांना भेटायला निघाली. नवे कोट, टोप्या, ऐटीत रेल्वेने मसूर स्टेशनला उतरली. पोरं येणार असल्याचे पत्र गड्याच्या विसरभोळेपणामुळे रामजींना मिळालेच नव्हते. न्यायला कुणी नाही. पोरांनी आपली जात सांगितली आणि चांगल्या कपड्यांकडे बघून जवळ आलेला स्टेशन मास्तर मागे सरला. गाडीवाला यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि पोरांनीच गाडी हाकायची या अटीवर बैलगाडी मिळाली. रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. जवळ जेवण होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. सुभेदाराच्या हुद्द्याची किंमत छावणीच्या फाटकापर्यंतच आहे, हे त्या पोराला त्या रात्री कळले. बापाला तर ते आधीच कळलेले असणार. तीस वर्षांच्या आतबाहेर चाकरी करून आलेल्या त्या माणसाने मनाशी काय हिशेब केला असेल तो त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसतो. त्यांनी आपली सारी कमाई पोराच्या शाळेवर लावली.

परळची एक खोली

याच काळात एक प्रसंग असा घडला की त्यातून सारा इतिहास बदलला असता. भीमाई गेल्यानंतर रामजींनी जिजाबाई नावाच्या विधवेशी लग्न केले. आईचे दागिने तिच्या अंगावर बघून भीमराव बिथरले. बापाच्या जिवावर जगायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत पोऱ्या म्हणून लागायचे, असे त्यांनी ठरविले. भाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी काढायचा बेत केला. तीन रात्री प्रयत्न करून चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर त्यात अर्धा आणा! मग शरमले. आणि शाळा सोडायची नाही, उलट असा अभ्यास करायचा की लवकर स्वतःच्या पायावर उभे राहता येईल, असा निश्चय त्यांनी केला. पोरवयात रागाने, गरिबीने, नाहीतर हौसेने शाळा सोडून कमवायला पळायची बुद्धी बाबासाहेबांनाही झाली होती, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवे.

१९०४ साली कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एक खोली. त्यातच चूल, त्यातच सामान, त्यातच माणसे. सगळ्यांना शिकवण्याइतका पैसा नव्हता म्हणून आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलला जाऊ लागले. रामजींनी घरी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला पक्क्या करून घेतल्या. रात्री पोराला लवकर निजवायचे, आपण स्वतः जागे राहायचे, दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवायचे आणि मग आपण अंग टाकायचे. पलटणीतल्या पहाऱ्याची सवय अशी कामी आली. पोराला पुस्तक पाहिजे असले आणि हातात पैसा नसला, की लग्न झालेल्या लेकींच्या घरी जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून आणायचा, गहाण टाकून पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. पन्नास रुपयांची पेन्शन अशी महिनोन् महिने पुस्तकांत गेली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या कौतुकाच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे केळुस्करांच्याच मध्यस्थीने सयाजीराव गायकवाड महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आज आपण विहारात बसून वंदना म्हणतो, त्या वाटेचा पहिला दगड त्या सभेत पडला. आणि त्या सभेपर्यंत पोराला बोट धरून आणणारा होता हा पेन्शनर सुभेदार.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला चाकरीला रुजू झाले. संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्या जातीला इंग्रजांनी शिपाई म्हणूनही नाकारले, त्या जातीचा पोरगा अंमलदार होऊन गेला, तोही शिकून, बी.ए. होऊन! परंतु रामजींना बडोद्याची ही नोकरी पसंत नव्हती. जेमतेम पंधरा दिवस झाले आणि वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. भीमराव निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजींचे प्राण कंठाशी आले होते. त्यांनी पोराच्या पाठीवर हात फिरवला आणि डोळे मिटले. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ चा. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेला गेले. बापाला ते बघायला मिळाले नाही.

रामजींची मागणी मात्र मेली नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महार आठवले. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. बापाने ज्यासाठी रानड्यांचा उंबरा झिजवला, ते काम शेवटी लेकाने पुरे केले. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

आपल्या पोरांसाठी

आपल्या भागाला लष्कर नवे नाही. शेजारचे उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले कल्याण कॅम्प. १९४९ साली नाव बदलले तरी लोक अजून कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असेच म्हणतात. अंबरनाथला ऑर्डनन्सचा कारखाना आहे. आणि पहाटे रस्त्याने धावणारी, भरतीची तयारी करणारी पोरं तर कुळगावात, बदलापुरात, मुरबाडात कुठेही बघावीत. ही चांगलीच गोष्ट आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी घरासाठी काही करावे असे वाटणारा पोरगा वाया गेलेला नसतो.

पण रामजींचा काळ आणि आजचा काळ यात फरक आहे. आज किमान वय साडेसतरा, ते कागदावर तपासले जाते, खोटे वय चालत नाही. दहावी पास लागते. २०२३ पासून आधी लेखी परीक्षा आणि मग मैदान. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर योजनेच्या नियमाप्रमाणे नोकरी चार वर्षांची, चौघांतला एक कायम राहणार आणि बाकीचे तिघे एकरकमी पैसा घेऊन पण पेन्शनशिवाय घरी येणार. म्हणजे एकविशी-बाविशीत परत आलेल्या पोराच्या हातात शिक्षण नसेल तर पुढे काय, हा प्रश्न आईबापांनी आधीच विचारला पाहिजे. रामजींना जी पेन्शन होती, ती या पोराला नाही. रामजींना पलटणीने शाळा दिली, आज शाळा आधी आणि पलटण नंतर आहे. ज्याला अंमलदार व्हायचे आहे त्याला बारावीनंतर साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा देता येते, २०२२ पासून मुलीही तिथे दाखल होत आहेत. साताऱ्याला १९६१ पासून सैनिक शाळा आहे. ही माहिती आपल्या वस्तीत घरोघरी पोचली पाहिजे.

सात रुपयांचा शिपाई होऊन गेलेल्या एका पोराने पलटणीतून घरी काय आणले, तर तलवार नाही, बिल्ले नाहीत, अक्षर आणले. ते त्याने स्वतःच्या पोराच्या हातात दिले. सतराव्या वर्षी तुमचा पोरगा भरतीला निघाला तर त्याला अडवू नका. पण त्याच्या पिशवीत पुस्तक आहे का, तेवढे एकदा उघडून बघा.

सुभेदार रामजीबाबा आणि मुरबाडच्या लेकीला, माता भीमाईंना, विनम्र अभिवादन!